चिंगीचा दुपारचा घास

वहिनी, तुम्ही लग्न होऊन शिनोलीला आलात तेव्हा आमच्या घराला दार नव्हतं. चौकट होती. दार दादानं वडील गेले त्या वर्षी काढून एकाच्या गोठ्याला दिलं होतं आणि बदल्यात भाताचं पोतं आणलं होतं. आई त्याच्या आधीच गेलेली. दाराच्या जागी गोणपाट टांगलेलं. तुम्ही बोरी बुद्रुकच्या, पाटाच्या पाण्यावर ऊस-कांदा करणाऱ्या घरातल्या. उंबऱ्यावर माप ठेवलं होतं त्यातले तांदूळसुद्धा शेजारचे होते. तुम्ही माप लवंडून आत आलात आणि शेजारीण मागं बसून ते वेचून परत घेऊन गेली. तुम्ही ते बघितलंत.

मी तेव्हा अकरावीत होतो. घर म्हणजे एक खोली आणि तिच्यातच चूल. ओल्या लाकडांचा धूर असा कोंडायचा की डोळ्यांतून पाणी गळायचं आणि पुस्तकातलं काही दिसायचं नाही. दादा सातवीतून शाळा सोडून लोकांची भातं लावायला जायचा आणि मी कॉलेजात, हे गावाला नवलाचं होतं आणि थोडं चेष्टेचंही. तुम्ही आल्यावर आठ-दहा दिवसांत चूल बाहेर काढलीत. तीन दगड मांडले, वर खताच्या गोण्या उसवून शिवलेला आडोसा. दोन वर्षं तुम्ही बाहेर स्वयंपाक केलात, आमच्या भीमाशंकरच्या अंगाच्या पावसात. कुणी विचारलं तर सांगायचात, "भावजी शिकत्यात. त्यांच्या डोळ्यात धूर नको."

या भावकीतला पहिला ग्रॅज्युएट मी. बी.एस्सी., केमिस्ट्री. ती पदवी माझ्या एकट्याची नाही, हे मी आजवर कितीतरी जणांना सांगितलंय. हे सगळं आधी लिहितोय, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की या माणसाला जाण नाही. जाण आहे. म्हणूनच एवढं लागलंय.

परवा तुमचा दहावा झाला. घोड नदीच्या काठी पिंड ठेवून आम्ही मागं सरलो न सरलो तोच कावळा शिवला. एरवी लोक तासतास हात जोडून उभे राहतात, हे देतो, ते करतो म्हणून कबूल करतात. तुमच्या वेळी कुणाला काही बोलावंच लागलं नाही. बाईचं काही राहिलं न्हाई, समाधानानं गेली, असं सगळे म्हणत होते आणि मीही मान हलवत होतो. खरं सांगतो, मला तुमचा अभिमानच वाटला.

मग घरी येऊन चहा पिताना दादा म्हणाला, "बाळू, तिनं तुला चिंगीचं सांगून टाकलं ते बरं झालं. न्हाईतर जीव अडकला असता तिचा."

मी विचारलं, चिंगीचं काय?

दादानं कप खाली ठेवला. "तुला सांगितलं न्हाई व्हय? भाकरीचं?"

नाही, वहिनी. तुम्ही सांगितलं नव्हतं. चिंगीला, आपल्या मांजरीला, आपण इन्सुलिन देत होतो त्या सबंध वर्षात तुम्ही रोज दुपारी तिला दुधात कुस्करून अर्धी भाकरी चारत होता, हे तुम्ही मागाहून दादाला सांगितलं होतं. सुमनला माहीत होतं, तुमच्या लेकीला, जिला मी कडेवर घेऊन बाराखडी शिकवली. एका मला सोडून सगळ्या घराला माहीत होतं. आणि मग मला त्या कावळ्याचाच राग आला. तुमचं काही राहिलं नव्हतं? मला सांगायचं राहिलं होतं की.

चिंगी तुम्ही माहेराहून आणलीत, सुमनच्या वेळच्या बाळंतपणाहून परत येताना. एका काखेत पोर, दुसऱ्या हातात फडकं बांधलेली पाटी आणि पाटीत ती, राखाडी, पांढऱ्या पायांची. कणगीला उंदीर लागले होते म्हणून आणली असं तुम्ही सांगितलंत, पण तिनं धरलेला उंदीर मी तरी फार वेळा बघितला नाही. ती तुमच्या पायांत घोटाळायची आणि तुम्ही तिला शिव्या द्यायचात. "मुडदा बशिवला तुझा, पायात येती," म्हणायचात आणि तिलाच पहिलं दूध.

ती नऊ-दहा वर्षांची झाली तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. घराला दार आलं होतं, स्वयंपाकाला वेगळी खोली झाली होती. मी लॅबचा डिप्लोमा करून मंचरला एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये लागलो होतो. सकाळी एसटीनं जायचं, दिवेलागणीला यायचं. त्या उन्हाळ्यात चिंगी पाणी प्यायला लागली. म्हणजे प्यायचीच, पण आता ती धुण्याच्या दगडापाशी बसून बादलीच्या बादली प्यावी तशी प्यायची. खायची दुप्पट आणि पाठीचा कणा मात्र वर आलेला. चुलीच्या राखेत ती मुतून जायची त्या राखेला मुंग्या लागायच्या. मुंग्या तुम्ही पहिल्यांदा बघितल्यात आणि मला दाखवल्यात, हे मी विसरलेलो नाही. नंतर तिची चालच बदलली. मागचे पाय घोट्यापर्यंत टेकवून, बसल्यासारखी चालायची.

मी लॅबमधून बेनेडिक्टचं द्रावण आणलं. निळ्या रंगाचं असतं ते. त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. साखर नसेल तर निळंच राहतं. असेल तर हिरवं, पिवळं, नारंगी, आणि फारच असेल तर विटकरी. चिंगीचं सरळ विटकरी झालं.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की गाई-म्हशींमध्ये आयुष्य गेलं, मांजराला इन्सुलिन कधी दिलेलं नाही, पुस्तकात वाचलंय तेवढंच. त्यांनी मुंबईला आपल्या जुन्या सरांना फोन लावला आणि एका चिठ्ठीवर लिहून दिलं. माणसांचंच इन्सुलिन, सकाळ-संध्याकाळ एक-एक युनिट, लघवीचा रंग बघत हळूहळू वाढवायचं. आणि खाणं: अंडी, मासळी, कोंबडीचं मांस. भाकरी बंद, भात बंद, दूध बंद. मांजराचं शरीर पीठ पचवायला बनलेलंच नाही, असं ते म्हणाले.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते कधी संपलंच नाही.

तुमच्या गळ्यात माहेरची माळ. अंड्याला तुम्ही हात लावायच्या नाहीत. ते जमवून घेतलंत. दादानं बाहेर अंडी उकडायची, आणि तो सोलताना निम्मं अंडं टरफलाला सोडतो म्हणून तुम्ही सांडशीत अंडं धरून चमच्यानं सोलायला शिकलात. सुकट उकळायला लागली की नाकाला पदर लावून परसात जायचात. पण भाकरी बंद, हे काही तुमच्या गळी उतरेना.

मी समजावून सांगितलं की भाकरीत पिष्ट असतं, पोटात जाऊन त्याची साखरच होते.

"भाकरीची साखर व्हती?" तुम्ही म्हणालात. "मग चहात भाकरीच टाका की भावजी. वाण्याकडं कशाला जायाचं?"

सुमन हसून लोळली. मी म्हटलं, बाजरीचा घास तोंडात घेऊन खूप वेळ चावा, गोड लागायला लागेल, तीच साखर. तुम्ही डोळे मिटून चावत बसलात, आम्ही सगळे तुमच्या तोंडाकडं बघत. मग गिळलात आणि म्हणालात, भूक लागली की गोड लागतीच. अन्न हाय ते, त्याचं कधी इख व्हतं का.

त्या दिवशी मला राग आला. लॅबमध्ये माझ्या हातच्या रिपोर्टवर डॉक्टर डोळे मिटून सही करायचे आणि घरात माझं कुणी ऐकेना. मी सुमनच्या देखत बोललो, "हा अडाणीपणा आहे, वहिनी." तुम्ही हसलात. हसून पीठ मळायला लागलात. मला वाटलं विषय संपला.

बाकी सगळ्यात तुम्ही माझ्या पुढं होता. मांजराची लघवी धरायची कशी, हा मोठा प्रश्न होता. वाळू दिली तर वाळू पिऊन टाकते. तुम्ही पत्र्याच्या घमेल्यात धुतलेली बारीक खडी घातलीत. चिंगी त्यावर बसायची आणि खाली तळाशी हवं तेवढं साठायचं. रंगांना तुम्ही लुगडी म्हणायचात. सकाळी मी परीक्षानळी स्टोव्हवर धरली की चुलीपासून विचारणा व्हायची, आज कंचं लुगडं नेसली आमची बाई? विटकरी असलं की म्हणायचात, लगीन हाय वाटतं कुठं. मी ते रंग वहीत लिहायचो, तारीख, मात्रा आणि रंग.

फ्रीज कुठला. इन्सुलिनची बाटली आपण माठात ठेवायचो, ओल्या वाळूत, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. ती खळखळवायची नाही, तळहातांत घोळवायची, हे एकदा सांगितलं तर तुम्ही समईची वात वळावी तशी ती घोळवायला लागलात. टोचायला शिकलात वांग्यावर. पण जिवंत मांजराला टोचायची वेळ आली तेव्हा हात मागं घेतलात. मांजर हातून मेलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, आमच्या सात पिढ्यांत सोनं न्हाई, असं म्हणालात. मग ठरलं की मात्रा मी भरायची. सकाळची मी टोचायची, आणि संध्याकाळची मी सकाळीच भरून माठात ठेवायची; तुम्ही फक्त टोचायची. "भरनारा हात तुमचा," तुम्ही म्हणालात. "मेली तर काशीला तुमी जायाचं."

गाव हसायचं. स्टँडवर एकजण म्हणाला, बाळूभाऊ, माणसाला सुई मिळंना अन् तुमी मांजराला टोचता राव. मी हसून घ्यायचो. मला आतून फार चांगलं वाटायचं. मी शिकलो ते पहिल्यांदा आपल्या घरात, आपल्या चुलीपाशी उपयोगाला येत होतं.

पण रंग हलेना. एकाचे दोन युनिट झाले, दोनाचे तीन. पाऊस संपून दिवाळी आली तोवर चार, आणि पौषात पाच. डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा जिवाला पाच लागायला नकोत, घरात बघा, पोटात काही जातंय का. मी येऊन तुम्हाला विचारलं. अंगणात, तुम्ही धान्य पाखडत होता. मी विचारलं, वहिनी, तिला कुणी काही देतं का? गोड, भाकरी, काही?

तुम्ही सूप खाली ठेवलंत. माळ मुठीत धरलीत. "माळेची आण, भावजी. गोडाचा कण बी देत न्हाई."

मी दोन गोष्टी विचारल्या होत्या. तुम्ही एकीचं उत्तर दिलंत. ते मला त्या वेळी कळलं नाही, कारण तुमच्या बोलण्याची तपासणी करावी हे माझ्या डोक्यातच आलं नाही. साऱ्या जगाचं रक्त मी तपासून बघायचो. तुमचा शब्द तपासायचा असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता दादानं सांगितलं ते सगळं जुळतं. दुपारी घरात तुम्ही एकट्या. दादा शेतात, सुमन शाळेत, मी मंचरला. तुमच्या माहेरी पानावर बसलं की पहिला घास पानासमोर बसलेल्या मुक्या जिवाचा. त्याच्या तोंडात घास गेल्याशिवाय आपल्या तोंडात घास जायचा नाही. लहानपणापासूनचं ते. आणि चिंगी समोर बसून बघायची. तुम्ही गूळ दिला नाहीत, साखर दिली नाहीत. दूध-भाकरी दिलीत. आणि ती भाकरी पचवायला मी इन्सुलिन वाढवत गेलो.

फाल्गुनात तुमचे वडील पडले म्हणून तुम्ही पाच दिवस बोरीला गेलात. जाताना मला सगळं बजावून गेलात: अंडी किती, खडी कधी धुवायची, सुमनला वेणी कुणाकडून घालून घ्यायची. एक गोष्ट सांगितली नाहीत.

चौथा दिवस रविवार होता, म्हणून मी घरी होतो. सकाळी अंडं खाऊ घालून पाच युनिट दिली. नऊ-साडेनऊला सुमन ओरडत आली. काका, चिंगी बघा कशी करती. चिंगी दारू प्यायल्यासारखी झुलत होती. भिंतीला धडकली, पडली, आणि चारी पाय झाडायला लागली. तोंडाला फेस. मी फडताळातली काकवी काढली, तुमच्याच माहेरची, आणि बोटानं तिच्या हिरड्यांना चोळायला लागलो. तिचे दात माझ्या बोटात रुतले होते ते मला नंतर दिसलं. सुमन बाजूला उभी राहून मोठमोठ्यानं गणपतीचं नाव घेत होती. बराच वेळ गेला. मग चिंगीनं मान उचलली आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कोण हे तिला आठवत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले की साखर पार खाली गेली, मात्रा जास्त झाली. भरताना काही चुकलं का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चुकलं असेल. दुसरं काय म्हणणार होतो? खाणं तेच, मांजर तेच, सुई तीच. मग हातच चुकला असणार. पाचाच्या जागी मी दहा भरलं असेल. त्यांनी परत एक युनिटापासून सुरू करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आलात. मी तुम्हाला पिशवीसुद्धा खाली ठेवू दिली नाही, दारातच सगळं सांगितलं. मी चुकलो, वहिनी, मी मारलीच होती तिला, असं म्हणालो. मला रडू येत होतं. तुम्ही खाली बसलात, चिंगीला मांडीवर घेतलंत, तिच्या मागच्या पायांवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिलात. मग तिच्याकडंच बघत म्हणालात:

"हात हाय, भावजी. चुकायचाच."

चोरून भाकरी चारलीत, ते मी एका दिवसात विसरेन, वहिनी. माळ धरून अर्धं उत्तर दिलंत, तेही विसरेन कदाचित. हे वाक्य मला विसरता येत नाही. तुम्हाला त्या क्षणी सगळं कळलं होतं. माझा हात चुकला नव्हता हे या जगात फक्त तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही मला सांगितलंत की चुकायचाच.

तेव्हा माझी स्वतःची लॅब घोडेगावात निघणार होती. गाळा ठरला होता, बोर्ड रंगवून घरी आला होता. मी गाळेवाल्याला नाही म्हणून सांगितलं. लोकांना वाटलं माझी हिंमत नाही. मला वाटत होतं की ज्याला मांजराची पाच युनिटं नीट मोजता येत नाहीत त्यानं माणसाच्या रक्ताचे आकडे सांगू नयेत. मंचरलाही मी प्रत्येक नमुना दोनदा तपासायचो, तीनदा तपासायचो. डॉक्टर वैतागायचे. बोर्ड कणगीमागं भिंतीकडं तोंड करून पडला. तुम्ही तिथं झाडताना तो उचलून पुसायचात आणि म्हणायचात, वाळवी लागंल, भावजी, लावा की आता. मी माझं तेच उत्तर द्यायचो, हाताचं. आणि तुम्हाला लगेच काहीतरी काम आठवायचं. गाय सोडायची राहिली, दळण आणायचं राहिलं. चार वर्षं आपण हा एकच वाद घातला, आणि प्रत्येक वेळी तुम्ही मधेच उठून गेलात.

इकडं चिंगीचा रंग निळा झाला होता. एका युनिटावर निळा, मग अर्ध्यावर निळा. श्रावण लागला तसं डॉक्टरांनी इन्सुलिन बंद करून बघायला सांगितलं. बंद केलं, तरी निळाच. काही मांजरांमध्ये असं होतं, वेळेवर इन्सुलिन आणि खाणं सांभाळलं तर शरीर परत आपलं काम करायला लागतं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, नशीब तिचं. माझ्या लाजेत मला एवढंही सुचलं नाही की पाच युनिटं लागणारं मांजर शून्यावर कसं आलं, मधे काय बदललं. केमिस्ट्रीच्या पोरानं पहिला प्रश्न तो विचारायला हवा होता.

आणि तुम्ही दुपारचं जेवण सोडलंत. रविवारी मी घरी असायचो तेव्हा बघायचो. आम्हाला वाढायचात आणि स्वतः बसायच्या नाहीत. पित्त व्हतं दुपारचं खाल्लं की, म्हणायचात. मी मंचरहून पित्ताच्या गोळ्या आणल्या, त्या तुम्ही देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिल्यात. परवा दादा म्हणाला, "घास दिल्याबिगर तिला जेववंना, आन् घास तर द्यायचा न्हाई. मग तिनं जेवनच सोडलं. चिंगी जिती व्हती तवर."

हे ऐकून मी विरघळावं असं दादाला वाटलं असेल. माझं उलट झालं. चार वर्षं दुपारी उपाशी राहणं तुम्हाला जमलं, एक वाक्य जमलं नाही. तुम्ही स्वतःला शिक्षा केलीत, पण मलाही ती चालूच होती, आणि मला निदान खरा गुन्हा तरी कळायला हवा होता. मी दादाला विचारलं, का नाही सांगितलं तिनं. तो म्हणाला, तू तिला आईच्या जागी मानायचास, तिला भ्या वाटलं. मग म्हणाला, "आन् तू एकदा अडाणी म्हनला व्हतास."

म्हटलं होतं. नाकारत नाही. आणि तुम्ही त्या दिवशी खरं सांगितलं असतंत तर परत म्हटलं असतं, त्याहून मोठ्यानं. सुमनच्या देखत, दादाच्या देखत, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. माझा स्वभाव मला माहीत आहे. पण रागानं बोललेलं आठ दिवसांत विरलं असतं, वहिनी. तुम्ही मला ओरडायची संधी तरी द्यायची होती.

चिंगी गेल्यावर, तुमच्या आणि दादाच्या मागं लागण्यानं, मी शेवटी लॅब काढली. पूजेला तुम्ही इरकल नेसून आला होता. सगळ्यांना हळदीकुंकू देऊन झालं आणि तुम्ही माझा उजवा हात धरलात. एवढ्या माणसांत म्हणालात, "हात चांगला हाय तुमचा, भावजी. पहिल्यापासून."

मला तो आशीर्वाद वाटला. मी वाकून नमस्कार केला. आता रात्रंदिवस तो एकच शब्द डोक्यात घोळतोय, पहिल्यापासून. तुम्ही सांगत होता. तुमच्या बाजूनं तुम्ही सांगून टाकलंत, आणि दादाला जाऊन म्हणालात की भावजींना सांगितलं. म्हणून कावळा थांबला नाही. पण मला काही कळलं नव्हतं, वहिनी. तुम्ही मोकळ्या झालात आणि मी होतो तिथंच राहिलो.

काल मी जुनी वही काढली. तुम्हाला पकडायला काढली, हेही खरं. त्या वर्षाच्या नोंदी मी बोट ठेवून वाचत गेलो. विटकरी, विटकरी, नारंगी, विटकरी. आणि दर सोमवारी हिरवा. पान उलटलं, परत सोमवारी हिरवा. कारण रविवारी दुपारी मी घरी असायचो आणि चिंगीला तुम्ही घास द्यायच्या नाहीत. माझ्याच अक्षरात, माझ्याच वहीत, सात-सात दिवसांनी लिहून ठेवलेलं होतं आणि मी वर्षभर ते वाचलं नाही. पदवी माझ्याकडं होती. त्या फाल्गुनातल्या रविवारपुढं मी लिहिलंय, मात्रा चुकली, माझ्या हातून. ते मी काल खोडलं. त्याच्या जागी तुमचं नाव लिहावं असं वाटलं होतं. लिहिलं नाही. ती ओळ मोकळी ठेवली.

मला अजून राग आहे. तेराव्याला मी येईन, पंगतीत वाढेन, पण तुमच्या फोटोसमोर उभं राहून हात जोडायला मला थोडे दिवस लागतील. दादाला तसं सांगून ठेवलंय. तो म्हणाला, घे सवडीनं.

एक मात्र झालं, आणि ते आपण दोघांनी केलं. तुम्ही खोटं बोलून आणि मी डोळे न उघडता, पण केलं. आपल्या शिनोलीत, फ्रीज नसलेल्या घरात, एका मांजराचा मधुमेह आटोक्यात आला. इन्सुलिन बंद झाल्यावर चिंगी चार वर्षं जगली आणि म्हातारपणानं गेली.